मेकॅनिकलला आता ‘स्कोप’ नाही म्हणतात. ब्रँच बदलू का?

पत्राचा सारांश: मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते: शाळेत गणित आणि फिजिक्स आवडायचं म्हणून ही शाखा घेतली. आता थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास झाले आहे. वर्गातली बरीच मुलं लहानपणापासून गाड्या खोलत आलेली. मला त्यातलं काही येत नाही, आणि गाड्यांचं वेडही नाही. मुली मोजक्याच आहोत. सॉफ्टवेअरमध्ये असलेला मामेभाऊ म्हणतो, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, इंजिन संपलं, आता मेकॅनिकलला स्कोप नाही. वेळ आहे तोवर कॉम्प्युटरला जा. ब्रँच बदलता येते, पण एक वर्ष जाईल. लॅबमधल्या रीडिंगचे आलेख पायथनमध्ये काढायला मात्र मला मनापासून आवडतं. मी चुकीच्या जागी आले आहे का?

प्रिय मैत्रिणी,

आधी मामेभावाचं म्हणणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, एक्झॉस्ट यातलं काहीही इलेक्ट्रिक गाडीत नसतं. ज्यांनी सगळी कारकीर्द या भागांवर काढली, त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आहे. फक्त पेट्रोल-डिझेल इंजिनं डिझाइन करायची असं तुझं स्वप्न असतं, तर मीही म्हटलं असतं, पुन्हा विचार कर.

पण त्याच गाडीच्या आत जरा डोकावून बघ. बॅटरीतल्या सेलना साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. फार थंड असतील तर चार्जिंग सावकाश करावं लागतं, तापल्या तर आयुष्य घटतं, आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं तर एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते. म्हणून सेलच्या खाली किंवा मधून थंड द्रव खेळवतात. आता अडचण पाहा. द्रव जिथून आत शिरतो तिथल्या सेल गार राहतात, पण शेवटच्या सेलपर्यंत पोचेतो तो स्वतःच तापलेला असतो. मग शेवटच्या सेल लवकर म्हाताऱ्या होतात आणि त्या थकल्या की सगळा पॅक थकतो. नळ्या अरुंद केल्या तर उष्णता चांगली ओढली जाते, पण दाब जास्त लागतो आणि पंप जास्त वीज खातो. रुंद केल्या तर उलट. हे सोडवायला फ्लुइड मेकॅनिक्स लागतं आणि हीट ट्रान्सफर लागतं. म्हणजे तुझ्याच अभ्यासक्रमातले विषय.

मोटरचंही तसंच. ती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते. तो वेग चाकाला झेपेल इतका उतरवायला गिअर लागतात. इंजिनाच्या आवाजात गिअरची शिट्टी ऐकू येत नसे, आता ती प्रवाशाच्या कानात घुसते, म्हणून दातांचा आकार काही मायक्रॉनने इकडेतिकडे करून ती दाबावी लागते. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून डिस्क गंजतात. बॅटरीमुळे वजन वाढतं म्हणून टायर आणि सस्पेन्शनचा हिशेब बदलतो. इंजिनाचं काम गेलं हे खरं, पण त्याच्या जागी आलेली कामंही मेकॅनिकलचीच आहेत.

आणि मेकॅनिकल म्हणजे गाडी, हे समीकरण मुळात आलं कुठून? ब्रिटनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था बर्मिंगहॅमला १८४७ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन, रेल्वेवाले. कार्ल बेंझने पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचं पेटंट मिळवलं ते १८८६ साली. म्हणजे गाडी येण्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं हा व्यवसाय नावारूपाला आला होता. आजही पवनचक्कीचं पातं मिनिटाला दहा-वीस फेरे घेतं आणि बऱ्याच रचनांत जनरेटरला हजार-दीड हजार लागतात. मधला गिअरबॉक्स बदलत्या वाऱ्याचे धक्के खात वर्षानुवर्षं टिकवायचा असतो. खुब्याचा कृत्रिम सांधा माणसाच्या दर पावलाला भार घेतो आणि सोडतो, वर्षाला दहा लाखांच्या आसपास वेळा. मामेभावाचा कोड ज्या सर्व्हरवर चालतो, तो जी वीज घेतो तिची जवळपास सगळी उष्णताच होते. ती बाहेर काढणारे पंप, पंखे, चिलर आणि पाइप कोणीतरी डिझाइन करतं आणि रात्री तीन वाजता बंद पडले तर कोणीतरी दुरुस्त करतं.

आता मला तुझ्या पत्रात जास्त महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: गाड्यांचं वेड नाही.

गाड्या खोललेल्या मुलांकडे एक खरी शिदोरी असते, ती मी नाकारणार नाही. बोल्ट किती आवळला की आटे जातात, हे त्यांच्या हाताला कळतं. वर्कशॉपमध्ये ती पुढे असतात, आणि तूही लेथवर, मिलिंगवर, वेल्डिंगच्या बूथमध्ये जमेल तेवढा वेळ उभी राहा, कारण जो भाग मशीनवर कापताच येत नाही तो कागदावर काढणं सोपं असतं. पण पदवी तुझ्याकडून मागते ती वेगळी सवय. एक उदाहरण जवळून दाखवते.

एक शाफ्ट, म्हणजे मशीनमधला फिरणारा दांडा, घे. बेअरिंग टेकायला त्याला एक पायरी ठेवलेली असते: अलीकडे व्यास कमी, पलीकडे जास्त. या पायरीच्या कोपऱ्यात एक बारीक गोलाई द्यावी लागते, तिला फिलेट म्हणतात. ड्रॉइंगवर ती एक अक्षर आणि एक आकडा असते, पटकन नजरेतही येत नाही. कोपरा धारदार ठेवला तर ताण नेमका तिथे गोळा होतो. वाकलेला शाफ्ट फिरताना त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १५०० फेरे धरले तर तासाला नव्वद हजार वेळा, दिवसाला एकवीस लाखांहून जास्त वेळा. कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते आणि ती पुढे सरकत राहते. तुटलेला तुकडा हातात घेतला की त्या तोंडावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा दिसतात, आणि एका कडेला खडबडीत भाग दिसतो. उरलेलं धातू भार पेलू शकलं नाही आणि एकदम तुटलं, ती ही जागा.

मग गोलाई भरपूर मोठी द्यावी? तेही चालत नाही. बेअरिंगच्या स्वतःच्या कोपऱ्याला एक गोलाई असते. शाफ्टची गोलाई तिच्यापेक्षा मोठी झाली, तर बेअरिंग पायरीवर नीट बसतच नाही, कोपऱ्यावर चढून राहतं. म्हणून बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये शाफ्टच्या फिलेटची कमाल मर्यादा छापलेली असते. एका आकड्याला दोन बाजूंनी ओढणाऱ्या दोन गरजा, आणि मधली जागा तू शोधायची.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले आणि पेटले, कित्येक माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि दाखवून दिलं की एका झटक्यात सहज पेलेल असा भारही लाखो वेळा आला तर धातू तोडतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेत फुटली. मग त्याच जातीच्या विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून दाब पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून पाहिला, तेव्हा तो फाटला खिडकीसारख्या कापाच्या कोपऱ्याशी. प्रश्न तोच, कोपऱ्याचा.

हे वाचताना तुला पुढचं जाणून घ्यावंसं वाटलं का? मनात ‘मग मधली जागा कशी ठरवायची’ असं आलं का? ते कुतूहल असेल, तर गाडी न खोलता तू या शाखेत शोभतेस. आणि खरंच कंटाळा आला असेल, तर त्यात लाज नाही. तीही माहितीच आहे, आणि ती आत्ता मिळाली हे बरं.

थर्मोत नापास झाल्याचं दुःख मी हलक्यात घेत नाही. पण त्यातून तू काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दुसऱ्या वर्षी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि थर्मो एकदम अंगावर येतात, आणि तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध हे तेव्हा कोणी सांगत नाही. मशीन डिझाइन आणि हीट एक्स्चेंजर येतात तेव्हा ते धागे जुळतात, म्हणजे पुढच्या वर्षी. शिवाय थर्मो हा विषय जात्याच अवघड आहे. इंजिनाची कार्यक्षमता कशावर अवलंबून असते याचा पाया सादी कार्नो यांनी १८२४ साली घातला, तेव्हा उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे असंच त्यांनी धरलं होतं. तो गुंता क्लॉसियस आणि केल्विन यांनी सोडवला तो १८५० च्या सुमारास. तुला एका सेमिस्टरमध्ये नाही उमगलं, तर त्यावरून तुझी लायकी ठरत नाही.

बहुतेकांचं थर्मो एकाच ठिकाणी अडतं: गणित दिसलं की सूत्र शोधायला लागतात. त्याआधी सिस्टिमची सीमा पेन्सिलीने आख. सीमेतून काय आत-बाहेर जातंय ते लिही: उष्णता, काम, वस्तुमान. मग प्रत्येक अवस्थेसाठी दाब, तापमान, आकारमान यांचा छोटा तक्ता कर आणि जे दिलंय ते भर. खुणा, म्हणजे अधिक कधी आणि उणे कधी, एकदा ठरव आणि मग बदलू नकोस. तक्ता भरला की बऱ्याचदा सूत्र आपोआप सुचतं. मागच्या परीक्षेची उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर नक्की पाहा. चूक संकल्पनेत आहे की एककांत, हे कळलं तरी निम्मं काम झालं.

आता नोकऱ्यांबद्दल. ‘स्कोप आहे का’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. सांगणारा त्याच्या नशिबाला आलेलं सांगतो. त्याऐवजी या क्षेत्रातल्या तीन-चार माणसांना गाठ आणि विचार, ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय केलंत?’ उत्तरं ऐकून थक्क होशील, इतकी ती वेगळी असतात.

डिझाइनमधला माणूस सांगेल की नवीन काही काढण्यापेक्षा असलेलं ड्रॉइंग सुधारण्यात, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) ठरवण्यात आणि सप्लायरशी बोलण्यात दिवस गेला. अ‍ॅनालिसिसवाली सांगेल की कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला मेश केलं, म्हणजे बारीक तुकड्यांत विभागलं, सोडवायला लावलं आणि आलेले रंगीत ठिपके खरे मानायचे की नाहीत यावर दुपार घालवली. प्रॉडक्शनमधला दिवसभर उभा असतो. मशीन थांबली, टूल तुटलं, माणूस आला नाही, तरी संध्याकाळी नग मोजून द्यायचे असतात. मेंटेनन्सवाल्याला फोन कधीही येतो, पण कारखाना आतून जितका त्याला कळतो तितका कोणालाच कळत नाही. क्वालिटीत चिकाटी लागते आणि वाईटपणा घ्यायची तयारी लागते. इमारतींच्या वातानुकूलनात साइटवर फिरणं असतं. तांत्रिक विक्रीत माणसं वाचता यावी लागतात. मी स्वतः टेस्टिंगमध्ये रमले, कारण एखादी वस्तू तुटेपर्यंत चालवून ती का तुटली हे शोधणं मला कधीच शिळं वाटलं नाही. माझ्याच बरोबरीच्या एका मैत्रिणीला तेच काम असह्य व्हायचं. ती प्लॅनिंगमध्ये गेली आणि फुलली. पदवी दोघींची एकच.

पैशांचं स्पष्ट सांगते. सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, आणि तो वाढायलाही वेळ लागतो. कारखाना जिथे तिथे जावं लागतं, घरून काम क्वचितच जमतं. घरात पैशांची निकड असेल तर हा मुद्दा गौण समजू नकोस. दुसऱ्या बाजूला, या कामात दहा वर्षांपूर्वी शिकलेलं सहसा टाकाऊ होत नाही. फिलेटचं गणित तेव्हा होतं तेच आज आहे. अनुभवाला इथे किंमत येते ती म्हणूनच. सॉफ्टवेअरमध्येही आज प्रवेशाच्या नोकऱ्यांची खात्री कोणी देऊ शकत नाही, हेही मामेभावाला विचारून बघ.

मुली मोजक्या असण्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण ते छोटं नाही. शॉप फ्लोअरवर पहिली काही वर्षं तुला स्वतःला जास्त सिद्ध करावं लागेल, आणि हे अन्यायाचं आहे. इंटर्नशिप घेताना संकोच न करता विचार: रात्रपाळी असते का, ये-जा करायची सोय काय, कपडे बदलायची जागा कुठे आहे, आमच्या मापाचे सेफ्टी शूज आणि हातमोजे मिळतात का. मोठे हातमोजे घालून फिरत्या मशीनजवळ काम करणं धोक्याचं असतं, तेव्हा हा लाडाचा प्रश्न नाही. सरळ उत्तर मिळालं तर तिथे काम करणाऱ्या बायकांचा विचार झालाय असं समज. हसण्यावारी नेलं, तर दुसरी जागा बघ.

आणि आता पायथन. तुझ्या पत्रातला हाच धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो. फक्त तो कुठे जातो हे तुझं तुलाच पाहावं लागेल. समज, आलेखात एक बिंदू रेषेबाहेर गेलाय. तुला चुटपुट कशाची लागते? प्रोग्राममध्ये काही राहिलं का याची, की त्या क्षणी सेटअपमध्ये काय घडलं असेल याची? पहिली ओढ असेल तर कॉम्प्युटरचा विचार खुशाल कर. दुसरी असेल तर तुझी जागा इथेच आहे, आणि कोड हे तुझं हत्यार. सिम्युलेशन, कंट्रोल सिस्टिम, रोबोटिक्स, मशिनांच्या कंपनावरून बिघाड आधीच ओळखणं, या सगळ्या कामांना मेकॅनिकल समजणारी आणि नीट कोड लिहिणारी माणसं लागतात. दोन्ही येणारी माणसं सहज मिळत नाहीत.

हे घरी तपासता येईल. एका कपात गरम पाणी घे, थर्मामीटर बुडव आणि दर मिनिटाला तापमान लिही. एकदा झाकण ठेवून, एकदा न ठेवता. आकडे पायथनमध्ये घाल आणि न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाचा वक्र त्यावर बसवून बघ. उघड्या कपाचे सुरुवातीचे बिंदू वक्रावर नीट बसणार नाहीत, कारण गरम पाण्याची वाफ होऊन जी उष्णता जाते ती त्या सोप्या नियमात धरलेली नाही. झाकण ठेवलं की पाणी सावकाश निवतं आणि वक्रही जास्त बरा बसतो. आता वाफेचा हिशेब प्रोग्राममध्ये घालायची इच्छा होते का, की ‘झालं एकदाचं’ असं वाटतं? त्यानंतर सायकलच्या मागच्या चाकाचा हब उघड, व्हर्निअरने मापं घे आणि हाताने ड्रॉइंग काढ. ज्या मापाचं कारण कळत नाही त्याभोवती गोल कर आणि सरांना विचार. गाडी खोलण्याची सुरुवात अशीही होते, विसाव्या वर्षीही.

माझा कौल विचारशील तर, आणखी एक सेमिस्टर थांब. हा माझा अंदाज आहे, तुझ्या पत्रातल्या ओळींवरून बांधलेला; तुझ्या घरची परिस्थिती आणि तुझं मन तुलाच ठाऊक. मेकॅनिकल पूर्ण करून मग सॉफ्टवेअरमध्ये जाणारेही पुष्कळ आहेत, ती वाट बंद होत नाही. मात्र चार वर्षं नुसती ओढायची आणि मग पळायचं, असं ठरवून राहू नकोस. जे आवडत नाही त्यात इतकी वर्षं घालवण्यापेक्षा एक वर्ष गेलेलं परवडलं.

दरम्यान विद्यापीठाच्या कार्यालयात तीन गोष्टी लेखी विचारून ठेव: ब्रँच बदलायच्या अर्जाची शेवटची तारीख, जागा किती असतात आणि कोणत्या निकषावर देतात, आणि तुझ्या झालेल्या विषयांपैकी कोणते तिकडे धरले जातात. गणित, फिजिक्स आणि प्रोग्रामिंग धरलं गेलं, तर कदाचित पूर्ण वर्ष जाणारही नाही. आणि थर्मोचा पेपर तेवढा आत्ताच सोडव. बदलीच्या अर्जात आधीचे गुण बहुधा पाहतात, आणि थांबलीस तर पुढचं हीट ट्रान्सफर त्याच्यावरच उभं आहे.